मुरबाडजवळच्या शेतातील ओहोळात स्थानिक मासे परत यावेत यासाठी काय करावे?

नौपाडाकर (ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. मुरबाडच्या पूर्वेला, माळशेजच्या वाटेवर, आमची साडेतीन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. त्यातील दीड एकराची भातखाचरे गावातील एक कुटुंब अर्धेलीने करते आणि उरलेल्या भागात मी चार वर्षांपूर्वी आंबा व चिकूची ६० कलमे लावली आहेत. जमिनीच्या मधून सुमारे १८० मीटर लांबीचा ओहोळ जातो. पावसाळ्यात तो चार मीटर रुंदीने भरून वाहतो, जानेवारीच्या अखेरीस त्याची धार तुटते आणि मग उन्हाळाभर फक्त दोन ठिकाणी पाणी उरते. पुढे तो काळू नदीला मिळतो.

लहानपणी आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत गावी जायचो आणि मिरगाचा पहिला पाऊस अंगावर घेऊनच ठाण्याला परतायचो. त्या पावसाच्या रात्री वलगणीचे, म्हणजे विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर जाणारे, मासे चढायचे. गॅसबत्तीच्या उजेडात खाचराच्या बांधावरून उलटे उड्या मारत वर येणारे मासे मी स्वतः पाहिले आहेत. आता तसे काही दिसत नाही. शेजारच्या ठाकरवाडीतील एका आजींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मळ्या गेला, दांडवण गेली, आता नुसती चिलापी."

ओहोळाची सद्यस्थिती सांगतो. साधारण बारा वर्षांपूर्वी माझ्या काकांनी जेसीबी लावून वरच्या बाजूचा शंभर मीटर भाग खोल व सरळ करून घेतला. पात्रातील मोठे धोंडे काढून ते दोन्ही काठांवर पिचिंगसाठी, म्हणजे दगडी अस्तर म्हणून, बसवले. जमिनीच्या खालच्या हद्दीवर १.२ मीटर उंचीचा सिमेंटचा बंधारा आहे. तोही काकांनीच स्वखर्चाने बांधला असे घरात सांगतात, पण कागद कुणाकडे नाही. बंधाऱ्यामागे गाळ भरला आहे आणि उन्हाळ्यात तिथे गुडघाभर गढूळ पाणी राहते. दुसरे पाणी जेसीबी जिथे पोहोचला नाही तिथल्या उंबराखालच्या नैसर्गिक कोंडात (डोहात) राहते. त्याच्याही वर, शेतरस्त्याखाली, दोन ह्यूम पाइपांची मोरी आहे.

यावर्षी हातात थोडा वेळ आणि थोडे पैसे आहेत. बंधारा फोडून टाकावा का, मत्स्यबीज आणून सोडावे का, आणि अमेरिकेतील सामन माशांच्या ओढ्यांत मोठे ओंडके आडवे टाकून मासे परत आणल्याच्या ज्या चित्रफिती मी पाहिल्या आहेत तसे काही आपल्याकडे करता येईल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. जमीन माझी असली तरी ओहोळाला हात लावण्यासाठी परवानगी लागते का, हेही कृपया कुणी सांगावे.

शहापूरची शेतकरीण यांचे उत्तर

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण ओहोळाबद्दल विचारणारे बहुतेक लोक तो किती खोल करता येईल एवढेच विचारतात. माझी शेती भातसा नदीच्या एका उपओहोळावर आहे आणि गेली नऊ वर्षे मी तिथे हेच काम चुकत-माकत करते आहे. त्यामुळे आधी एक प्रतिप्रश्न विचारते, आणि त्याचे उत्तर आपण दिल्याशिवाय पुढच्या कामाला फारसा अर्थ राहणार नाही: आपली ६० कलमे एप्रिल आणि मे महिन्यांत कुठले पाणी पितात?

ओंडक्यांच्या चित्रफिती बाजूला ठेवा. त्या देशांतील ओढे बर्फाच्या आणि झऱ्यांच्या पाण्यावर वर्षभर वाहतात. तिथल्या माशांना थंड पाणी आणि अंडी घालायला स्वच्छ खडी लागते, आणि आडवा ओंडका पाण्याला वळवून दोन्ही गोष्टी तयार करतो. आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने ओहोळ आटत जातो. बाहेरून आणून टाकलेला ओंडका जुलैच्या पहिल्या पुरात निघतो आणि खालच्या कुणाच्या तरी मोरीत जाऊन अडकतो. ओंडक्याचे काम आपल्याकडे काठावरच्या जिवंत झाडाची मुळे करतात. आपल्या उंबराखालचा कोंड टिकला आहे तो उगाच नाही. मुळांनी काठ धरला आहे, सावलीमुळे पाणी कमी तापते आणि मुळांच्या जाळ्यात पिल्लांना लपायला जागा मिळते.

आपल्या ओहोळातील माशाचे सगळे वर्ष दोन गोष्टींवर अवलंबून असते. मार्च ते जून या काळात जगण्यापुरते पाणी असलेला एक तरी कोंड त्याला हवा, आणि पहिल्या पावसात त्या कोंडापासून वरच्या उथळ पाण्यापर्यंत व खाचरांपर्यंत जायला मोकळी वाट हवी. कोंडात किती मासे तगले यावर पुढच्या वर्षीची सगळी वीण ठरते. म्हणून उन्हाळ्यातला तो खोलीएवढा डोह म्हणजे अख्ख्या ओहोळाचे बियाणे आहे असे समजा.

माशांची नावे गावागावाला बदलतात, तरी आजींनी सांगितलेले मासे मला ओळखता येतात. मळ्याच्या खालच्या ओठामागे एक चकती असते, तिने तो धोंड्याला चिकटून धारेत टिकतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. (कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन करताना स्थानिक नावेच शास्त्रीय नावांत घेतली, त्यात आपला मळ्या 'मुल्या' होऊन बसला आहे.) धोंडेच काढून काठावर लावले तर त्याचे घर आणि ताट दोन्ही गेले. दांडवण मात्र पाण्याच्या वरच्या थरात थव्याने फिरते आणि चढणीला खाचरात जाते. तिचे नुकसान आपल्या बंधाऱ्याने केले असणार. डोकऱ्या मासा, म्हणजे मरळीचा छोटा भाऊबंद, बहुधा अजून असेल. तो वरची हवा घेऊन जगतो, ओल्या पाल्याखालीही काही काळ तग धरतो आणि त्याचा नर अंडी व पिल्ले तोंडात सांभाळतो. रात्री विजेरी घेऊन काठाने सावकाश फिरा, सापडेल.

चिलापी मूळची आफ्रिकेतली, आपल्या देशात ती १९५२ साली आणली गेली. तिला संथ, कोमट, गढूळ पाणी मानवते, आणि बंधाऱ्यामागे आपण तिला नेमके तेच बांधून दिले आहे. त्यामुळे बंधारा फोडावा असे माझे स्पष्ट मत आहे.

मत्स्यबीज कृपया आणू नये. बाजारात 'देशी' म्हणून मिळणारे रोहू, कटला आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे आहेत. ते भारतीय आहेत, पण आपल्या ओहोळाचे नाहीत. चांगल्या हेतूने सोडलेला मासाही कसा घात करतो याचे उदाहरण कावेरीत घडले आहे. तिथे आपल्या दख्खनी महसीरची पिल्ले वर्षानुवर्षे सोडली गेली आणि त्या नदीचा स्वतःचा कुबड असलेला महसीर मागे पडत गेला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. डासांसाठी गप्पी सोडण्याचा सल्लाही आपल्याला कुणीतरी नक्की देईल. घरच्या टाकीत सोडा, ओहोळात नको. कपाळावर पांढरा चमकता ठिपका असलेला बोटभर लांबीचा मासा आपल्या पाण्यात असतोच आणि तो डासांच्या अळ्या आवडीने खातो. वाट मोकळी झाली की काळूकडून मासे आपोआप येतात. माझ्याकडे दांडवण तिसऱ्या पावसाळ्यात आली, मळ्याला पाच वर्षे लागली.

नौपाडाकर

ताई, आपल्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आपल्या प्रतिप्रश्नाचे उत्तर देताना थोडे ओशाळायला होते आहे. कलमांना पाणी उंबराखालच्या कोंडातूनच देतो. बंधाऱ्यामागच्या गाळाने फूटव्हॉल्व्ह (मोटारीच्या पाण्यातल्या नळीच्या टोकाची झडप) तुंबतो म्हणून तीन हॉर्सपॉवरची मोटार दोन वर्षांपूर्वी वरच्या कोंडावर हलवली. मार्चपासून आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी साधारण तासभर ती चालते. मे महिन्यात कोंडात घोट्याएवढे पाणी राहते, पण ते उन्हाने आटते असेच मी आजवर समजत होतो.

कोंडाचे माप काल गडीमाणसाकडून मागवले. मार्चच्या सुरुवातीला तो सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी पाऊण मीटरहून थोडा कमी खोल असतो.

कळव्याचा निवृत्त अभियंता यांचे उत्तर

मी छोट्या बंधाऱ्यांची कामे करण्यात नोकरी घालवली आहे, म्हणजे या चर्चेत मी आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस आहे. तरीही दोन हिशेब मांडतो.

पहिला हिशेब कोंडाचा. सहा गुणिले चार गुणिले ०.७ म्हणजे १६.८ घनमीटर, अर्थात सुमारे १७ हजार लिटर पाणी. आपली तीन हॉर्सपॉवरची मोटार एवढ्या कमी उंचीवर तासाला १० ते १५ हजार लिटर सहज ओढते. म्हणजे आपण आठवड्यातून दोनदा जवळजवळ अख्खा कोंड उपसत होता, आणि तळातून पाझरून पुन्हा भरेल तेवढ्यावर मासे जगत होते. उन्हाला दोष देण्याची गरज नाही. बाष्पीभवनाने भर उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटरच्या आतबाहेर पातळी उतरते. शिवाय ६० कलमांना दर पाळीला तीस लिटर धरले तरी १,८०० लिटर पुरतात. उरलेले पाणी पाटातून जमिनीत मुरत होते. दहा हजार लिटरची टाकी जानेवारीत, धार चालू असताना, भरून घ्या, आळ्यांत पाचोळ्याचे जाड आच्छादन घाला आणि ठिबक किंवा मडके बसवा. पाण्याची गरज निम्म्याहून खाली येईल. टाकी पुन्हा भरावी लागली तर बंधाऱ्यामागचे पाणी घ्या. फूटव्हॉल्व्हवर बारीक जाळीचा पिंजरा हवाच, नाहीतर पिल्ले मोटारीतून थेट कलमांच्या मुळाशी जातात. ही गोष्ट मी साइटवर पाहिली आहे.

दुसरा हिशेब बंधाऱ्याचा, आणि इथे मी शहापूरच्या ताईंशी आदरपूर्वक असहमत आहे. बंधारा एका दिवसात फोडला तर बारा वर्षांचा गाळ पहिल्याच पुरात खाली जाईल, खालच्या शेतकऱ्याच्या कोंडात बसेल आणि आपल्या हद्दीबाहेरचे मासे गुदमरतील. वरच्या बाजूला तळ सैल होऊन पात्र पाठीमागे खणत जाईल, त्यात काठही ढासळतील. त्याऐवजी तो टप्प्याटप्प्याने उतरवावा. यंदाच्या उन्हाळ्यात मधोमध खाच पाडून सांडव्याची पातळी ४० सेंटिमीटर खाली आणा, पुढच्या उन्हाळ्यात आणखी ४०. दरवर्षी उघडा पडणारा गाळ काढून खाचरात टाका, भाताला तो सोन्यासारखा आहे. दोन वर्षांनी उरेल ४० सेंटिमीटरची पायरी. तिच्याखाली धोंड्यांचा उतार रचायचा.

लहान माशांसाठी असा उतार वीसास एक या प्रमाणात असावा. पूर्ण १.२ मीटरसाठी तो २४ मीटर लांब करावा लागला असता, जो आपल्या हद्दीत बसलाच नसता. ४० सेंटिमीटरसाठी आठ मीटर पुरतात. धोंडे साठ-सत्तर सेंटिमीटरचे घ्यावेत आणि एक तृतीयांश भाग तळात गाडावा. त्यांच्या आडव्या ओळी लावून दोन ओळींत दीड-दोन मीटर अंतर ठेवले, की प्रत्येक ओळीमागे छोटे डबके होते आणि मासा विसावा घेत वर चढतो. धोंडे विकत आणण्याची गरज नाही, काकांनी काठावर बसवलेले पिचिंगच त्यासाठी उपयोगी पडेल. मात्र पिचिंग सगळे एकदम काढू नका; जिथे मागे झाडाची मुळे आहेत तिथलेच आधी काढा.

मोरीकडेही पाहा. पाइपाच्या खालच्या तोंडाशी पाणी पडून खड्डा झाला असेल आणि पाइपाचे तोंड पाण्याच्या वर लटकत असेल, तर ती मोरी माशासाठी भिंतच आहे. खड्ड्याच्या खालच्या कडेला धोंड्यांची एक-दोन ओळ लावून पाण्याची पातळी पाइपाच्या तळापेक्षा थोडी वर आणली तरी काम होते. पुढे कधी मोरी बदलाल तेव्हा चौकोनी पेटीची करा आणि तिचा तळ पात्राच्या तळाहून वीतभर खाली ठेवा, म्हणजे आतही गोटे-वाळू साचून ओहोळ सलग राहतो.

सरळ केलेल्या शंभर मीटरमध्ये नवे कोंड खणण्याचा मोह होईल. ढोबळ ठोकताळा असा, की ओढा आपल्या रुंदीच्या पाच ते सात पट अंतरावर स्वतःच एकेक डोह घडवतो. आपल्याकडे म्हणजे वीस ते अठ्ठावीस मीटरवर एक. तेवढ्या अंतरावर आडवे धोंडे रोवून ठेवा आणि खणण्याचे काम पुरावर सोडा. ब्रेकर लावून काळा पाषाण फोडू नका. त्याला भेग पडली तर आहे तेही पाणी खाली निघून जाते.

जाता जाता: वनराई बंधाऱ्याची, म्हणजे मातीने भरलेल्या गोण्यांच्या तात्पुरत्या बंधाऱ्याची, किंवा फळ्या काढता येणाऱ्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची एक खुबी आमच्या खात्यातही फारशी कुणी लक्षात घेत नाही. तो पावसाळ्यात उघडा असतो, म्हणून मासा अडत नाही. वनराई बंधारा ऑक्टोबरात घालून मे महिन्यात गोण्यांसह काढून घेतला, तर पाणीही मिळते आणि वलगणही सुटते. पक्क्या सिमेंट बंधाऱ्याला ही सोय नाही. माझ्या हातून असे किती बांधले गेले हे आता मोजत नाही.

शहापूरची शेतकरीण

अभियंता काकांचे म्हणणे मान्य करते. मी माझा बंधारा एका झटक्यात फोडला होता आणि पुढची दोन वर्षे खालच्या शेजाऱ्याचे बोलणे ऐकले; ते मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवे होते.

नव्या मुंबईचा एक वाचक (खारघर) यांचे उत्तर

परवानगीचा मुद्दा अजून कुणी घेतलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. पनवेल तालुक्यातील आमच्या जमिनीच्या निमित्ताने मला हे सगळे करावे लागले आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांची पात्रे आणि वाहते पाणी, दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध होत नसेल तर, शासनाची मालमत्ता आहे. त्यामुळे 'ओहोळ माझ्या जमिनीतून जातो' आणि 'ओहोळ माझा आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. प्रथम भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा आणि आपल्या गटाचा नकाशा काढा व ओहोळ त्यावर स्वतंत्र दाखवला आहे का ते पाहा. सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीस अयोग्य) क्षेत्र किती आणि कोणत्या वर्गात लावले आहे तेही तपासा.

बंधाऱ्याबाबत विशेष काळजी घ्या. 'काकांनी बांधला' ही घरातली आठवण आहे. तो प्रत्यक्षात शासकीय योजनेतून झाला असेल तर त्याला खाच पाडणे म्हणजे शासकीय मालमत्तेची मोडतोड ठरेल. ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि पंचायत समितीकडे त्याची नोंद आहे का, हे लेखी विचारा. नोंद नसेल, तरी ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला कामाचे स्वरूप सांगणारे पत्र देऊन पोच घ्या. आमच्याकडे अर्ज करताना मी 'माशांसाठी' असे लिहिले होते, तेव्हा संबंधित कारकुनाने तो दोन महिने हसत बाजूला ठेवला. 'काठाची धूप थांबवणे व गाळ काढणे' असे लिहून दिल्यावर तो पुढे सरकला. दोन्ही कारणे खरीच होती.

पात्रातील दगड पात्रातच हलवणे वेगळे आणि दगड, वाळू बाहेर नेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात गौण खनिजाचे नियम लागतात, म्हणून गाळ खाचरात टाकण्याचा उल्लेखही पत्रात करावा.

आणखी एक विनंती. आजूबाजूला फार्महाऊस झाली असतील तर त्यांच्या पोहण्याच्या तलावाचे पाणी कुठे सोडले जाते याची चौकशी करा. क्लोरीनचे पाणी एप्रिलच्या आटलेल्या ओहोळात सोडले की एका सकाळीत कोंड साफ होतो. आमच्या वरच्या बाजूला असे झाले होते. मालक सज्जन होते, त्यांना कल्पनाच नव्हती. आता ते तलाव रिकामा करण्याआधी पाणी आठवडाभर उन्हात ठेवतात आणि झाडांना देतात.

शहापूरची शेतकरीण

काठाच्या लागवडीबद्दल लिहायचे राहिले होते. घाणेरी आणि बेशरम काढावी लागेल, पण एकाच उन्हाळ्यात सगळी उपटू नका. सध्या तीच माती धरून आहे. जूनमध्ये आधी नवे लावा आणि ते रुजल्यावर मागून जुने काढत चला. पाण्यालगत, धोंड्यांच्या फटींत, शेरणी लावा. ती पुरात आडवी होते आणि पूर ओसरल्यावर उभी राहते. वाळुंजाच्या फांद्या नुसत्या खोचल्या तरी फुटतात. त्यामागे वाळ्याची ओळ, आणि वर करंज, जांभूळ, अर्जुन. दोन्ही काठांना पाच-सहा मीटरचा पट्टा सोडलात तर कलमांची एखादी ओळ कमी करावी लागेल, ते मनाची तयारी करून ठरवा. त्या पट्ट्यात तणनाशक नको, आणि अर्धेलीने करणाऱ्या कुटुंबाला फवारणीचा पंप ओहोळात न धुण्याबद्दल समजावून सांगा.

आता ठाकरवाडीबद्दल, कारण शहरातून येणारे जमीनमालक इथे हमखास चुकतात. कोंड राखायचा म्हणून कुंपण घातले, की वाडीचा आणि आपला संबंध संपतो आणि कोंडावर रात्री कुणाचीच नजर राहत नाही. वलगणीला मासे धरणे हा त्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे, हंगामातले ते ताजे खाणे आहे. ओहोळ त्यांच्या खाण्याने ओस पडला नाही. खरा घात ब्लीचिंग पावडरने आणि सुरुंगाने होतो. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे, पण ते करणारे बहुतेक वेळा बाहेरून दुचाकीवर येतात आणि त्यांना अडवायला वाडीच लागते.

आम्ही वाडीत बसून एवढेच ठरवले, की पहिल्या चढणीच्या तीन रात्री कुणी पात्राच्या पूर्ण रुंदीत जाळे वा बांबूची आडकाठी लावायची नाही, निदान हातभर वाट सोडायची. आणि मार्चनंतर वरच्या कोंडात कुणीच उतरायचे नाही. ही कल्पना माझी नाही. वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या काठी महादेवाच्या देवळापाशी मासे देवाचे म्हणून कुणी धरत नाही, हे आमच्याकडच्या सगळ्यांना ठाऊक आहे. वाडीतल्याच एका आजोबांनी तिळशाचे नाव काढले आणि मग मला फार बोलावे लागले नाही. आपल्या उंबराखाली कधी काही पूजा होत असे का, हे त्या आजींना विचारून पाहा.

चिलापी काढायलाही वाडीच हवी. मेअखेर बंधाऱ्यामागचे पाणी गुडघ्याखाली आले की हाताच्या जाळ्याने ती धरता येते. चिलापी त्यांनी न्यावी आणि आपले मासे, मापाने कितीही मोठे असले तरी, वरच्या कोंडात सोडावे. एकही राहणार नाही असे होत नाही. दरवर्षी करावे लागते.

नौपाडाकर

सर्वांचे आभार. गेल्या रविवारी जाऊन आलो, त्याचा वृत्तान्त थोडक्यात देतो.

मोटार वरच्या कोंडावरून काढून ठेवली आहे. टाकीसाठी या हंगामात उशीर झाला, म्हणून यंदा कलमांना गावातून टँकरने पाणी घालणार आहे. साठांपैकी काही गेली तर जाऊ देत. मोरीच्या खालच्या तोंडाशी वीतभर उंचीची उडी आहे, ती धोंडे लावून मे महिन्यातच बुजवतो. बंधाऱ्याबद्दल ग्रामपंचायतीला लेखी पत्र देऊन पोच घेतली आहे, त्यामुळे उत्तर येईपर्यंत खाच पाडत नाही. मात्र मधोमध उभे राहून पाहिले, तर बंधाऱ्याचा डावा तिसरा हिस्सा मुळातच थोडा खचलेला आहे आणि पाणी आजही तिथूनच सांडते. खाच मध्यावर पाडण्याऐवजी तिथेच पाडली तर चालेल का?

रात्री विजेरी घेऊन फिरलो. डोकऱ्या दोन दिसले. आजींना उंबराविषयी विचारले. त्यांच्या सासूबाई तिथे नारळ ठेवत असत, एवढे त्यांना आठवते.

कळव्याचा निवृत्त अभियंता

चालेल, पण आधी एक गोष्ट तपासा. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला काठी टाकून डावीकडे, मध्यावर आणि उजवीकडे अशा तिन्ही ठिकाणी पाण्याची खोली मोजा. मासा उडी घेण्याआधी खोल पाण्यात थांबतो, म्हणून खाच आणि त्याखालचा उतार नेहमी जिथे खाली डोह आहे त्या बाजूला असावा. पाणी आज डावीकडून सांडते, म्हणजे खालचा डोहही बहुधा तिकडेच झाला असेल. मात्र डाव्या काठामागे माती असेल आणि खडक नसेल, तर खाच काठापासून किमान एक मीटर आत घ्या. अन्यथा पूर बंधाऱ्याला बगल देऊन काठच कापून नेईल. काठीच्या मापांसोबत त्या काठाचा एक फोटो इथे टाका, मग खाचेची रुंदी ठरवू.